जगाचा सिनेमा हिर्डोशीच्या समाजमंदिरात केव्हा येणार?

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावर दोन संस्था जवळजवळ उभ्या आहेत. एक, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट. दुसरी, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. जगभरचा उत्तमोत्तम सिनेमा या रस्त्यावर साठ वर्षे दाखवला जातो आहे, त्यावर व्याख्याने होतात, रसास्वादाची शिबिरे भरतात. याच रस्त्यावरून निघालेला माणूस स्वारगेटला एसटीत बसला, भोरला उतरला आणि पुढे वरंध घाटाच्या वाटेला लागला, की काही तासांत हिर्डोशीच्या खोऱ्यात पोचतो. अंतर शंभर किलोमीटरच्या आतले. पण एवढे अंतर जगाच्या सिनेमाला साठ वर्षांत कापता आलेले नाही. ते का कापता आले नाही आणि आता ते काम कोणी अंगावर घ्यायचे, याचा विचार आंबेडकरी चळवळीने करावा म्हणून हा लेखनप्रपंच.

काही कार्यकर्ते लगेच विचारतील, जमिनीचे प्रश्न आहेत, शिष्यवृत्त्या अडल्या आहेत, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत आणि वकीलसाहेब सिनेमा दाखवायला निघाले! प्रश्न रास्त आहे. पण सिनेमा आपल्या घरात आधीच शिरलेला आहे. खोऱ्यातल्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, त्यावर रोज चार तास कोणी ना कोणी काही ना काही दाखवतोच आहे. नायक म्हणजे कोण, शूर कोण, गावंढळ कोण, कोणाच्या आडनावाला हसायचे आणि कोणाच्या आडनावापुढे झुकायचे, हे सारे तो पडदा मुकाट्याने शिकवतो. आपण दाखवायचे ठरवले नाही म्हणून दाखवणारे थांबत नाहीत. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो, की आपल्या लेकरांनी काय पाहावे यात आपला काही हात असावा की नसावा?

फिल्म सोसायटी म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. पन्नास-शंभर माणसे एकत्र येतात, वर्गणी काढतात, आणि जो सिनेमा थिएटरवाला धंदा होणार नाही म्हणून कधीच लावणार नाही, तो मिळवून आणून पाहतात. एखाद्या देशाचे किंवा एखाद्या दिग्दर्शकाचे पाच-सहा चित्रपट ओळीने लावतात. त्याला ते मालिका म्हणतात, हंगाम म्हणतात. आधी कोणीतरी जाणकार दहा मिनिटे ओळख करून देतो आणि नंतर चर्चा होते. भारतात या चळवळीला खरे बळ मिळाले ते १९४७ साली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली आणि पहिला चित्रपट दाखवला तो रशियाचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’. किडे पडलेले मांस खायला नकार देणाऱ्या खलाशांच्या बंडाची ती कथा. १९५२ साली मुंबईत देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ आपल्याकडच्या लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. राय यांनी तर तो चित्रपट लंडनमध्ये आधीच पाहिला होता आणि १९५५ साली ‘पथेर पांचाली’ पुरा केला. १९५९ साली देशातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे अध्यक्ष. या महासंघाच्या उभारणीत विजया मुळे या मराठी बाईंचा मोठा वाटा होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्रात १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. सुधीर नांदगावकरांनी पुढे सारे आयुष्य या कामाला दिले. पुण्यात आशय फिल्म क्लब उभा राहिला. संग्रहालयाला पी. के. नायर यांच्यासारखा माणूस लाभला. जुन्या चित्रपटांचे डबे गोळा करत तो देशभर हिंडला आणि गोळा केलेले कुलुपात न ठेवता सोसायट्यांना दाखवायला दिले. २००२ साली पुण्याचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. या सर्वांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्या काळी परदेशी चित्रपट मिळवणे म्हणजे वकिलातींचे उंबरे झिजवणे होते. रेल्वेने येणारे जड डबे स्टेशनवरून डोक्यावर वाहून आणणाऱ्यांची ही चळवळ होती.

पण खुर्च्यांवर कोण बसले होते? बहुतेक ठिकाणी शहरातला, इंग्रजी वाचणारा, पांढरपेशा वर्ग. याला कोणाचा कट म्हणण्याचे कारण नाही, पण परिणाम तर तोच झाला. चित्रपटाच्या तळाशी उमटणारी इंग्रजी अक्षरे ज्याला वाचता येत नाहीत, त्याच्यासाठी सभागृहाचा दरवाजा उघडा असूनही बंदच होता. इटलीच्या बेकार मजुराची सायकल चोरीला गेली म्हणून ज्यांनी डोळे पुसले, त्यांच्या गावच्या वेशीबाहेर तसाच मजूर राहात होता. त्याला आत बोलावून ‘हा सिनेमा तुझा आहे, बघ’ असे म्हणावे, हे मात्र क्वचितच कोणाला सुचले. जगातला सर्वांत मोठा सिनेमा गरिबांविषयी बनला आणि तो पाहण्याचा मान मात्र सुखवस्तूंना मिळाला, हा या चळवळीतला मोठा विरोधाभास आहे.

यावर कोणी म्हणेल, खेड्यातल्या माणसाला असला सिनेमा कळणार नाही. हा युक्तिवाद आपण ओळखून आहोत. शाळेबाबत, वेदांबाबत, इंग्रजीबाबत, मतदानाबाबत हाच युक्तिवाद आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकला आहे. त्याला कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्याने १९७० च्या दशकातच उत्तर दिले. शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातले हे गाव. सुपारीच्या बागा, दाट पाऊस, मातीची घरे. तिथे १९४९ साली ‘नीनासम’ ही नाटकमंडळी निघाली होती. के. व्ही. सुब्बण्णा यांनी १९७३ साली तिच्याच अंगणात चित्रसमाज काढला. पुण्याच्या संग्रहालयातून चित्रपट जाऊ लागले, नायर आणि प्राध्यापक सतीश बहादूर स्वतः तिथे जाऊन शिबिरे घेऊ लागले. जपानचा, रशियाचा, इटलीचा सिनेमा कन्नडमधून समजावून सांगत शेतकऱ्यांना दाखवला गेला आणि शेतकऱ्यांनी तो पाहिला, त्यावर वाद घातला. १९९१ साली सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुण्यातले डबे चारशेहून अधिक किलोमीटर दूर हेग्गोडूला पोचले. भोरच्या पुढे मात्र पोचले नाहीत, कारण भोरच्या पुढे त्यांना बोलावणारा कोणी नव्हता. हे दुखणे आपले आहे आणि त्यावर इलाजही आपल्यालाच करायचा आहे.

दुसरे उदाहरण केरळचे. जॉन अब्राहम या दिग्दर्शकाने १९८४ साली मित्रांसह ‘ओडेसा’ नावाची मंडळी काढली. नाव घेतले तेही ‘पोटेमकिन’मधल्या त्या शहराचेच. गावोगाव चित्रपट दाखवत, लोकांकडून चिल्लर वर्गण्या गोळा करत त्यांनी १९८६ साली ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट पुरा केला. निर्माता कोण, तर जनता. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे याच पद्धतीने चालले. भीमराव कर्डकांच्या जलशाला कोणत्या शेटजीने पैसा पुरवला होता? बत्तीच्या उजेडात, महारवाड्याच्या चावडीसमोर, लोकांच्या भाकरीवर ते जलसे उभे राहिले आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार पोचला. जगाच्या सिनेमाचा पडदा हा त्याच जलशाचा पुढचा अवतार होऊ शकतो.

आता आपल्या खोऱ्याकडे येऊ. हिरडस मावळ म्हणून इतिहासात गाजलेला हा मुलूख. बखरीतल्या शौर्याची वर्णने इथल्या प्रत्येक पोराला पाठ आहेत. पण त्याच्या आजच्या जगण्याचे वर्णन कोणी करत नाही. पावसाळ्यात धो धो पाऊस, भाताची खाचरे आणि उरलेल्या आठ महिन्यांत पोटासाठी मुंबई, पुणे, नाही तर शिरवळचे कारखाने. नीरा-देवघर धरणात इथल्या जमिनी गेल्या, माणसे उठली. पाणी साठले डोंगरात आणि वाहिले खाली नीरेच्या कालव्यांकडे. गावात बौद्धवस्ती आहे, मराठा वस्ती आहे, डोंगराला चिकटून धनगरवाडे आणि कातकरी वाड्या आहेत. अशा ठिकाणी कोणता सिनेमा लावायचा?

चीनच्या जिया झांगके याचा ‘स्टिल लाइफ’ नावाचा २००६ सालचा चित्रपट आहे. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च सन्मान मिळाला. यांगत्से नदीवरच्या अजस्र धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावात एक खाणकामगार आपल्या दुरावलेल्या बायकोला शोधायला येतो. हातातल्या कागदावरचा पत्ता दाखवतो, तर लोक समोरच्या पाण्याकडे बोट दाखवतात. पत्ता त्या पाण्याखाली गेलेला असतो. गावातले मजूर हातोड्यांनी गावच पाडत असतात, कारण पाडण्याची मजुरी मिळते. हा चित्रपट पुण्याच्या सभागृहात पाहणारा माणूस दिग्दर्शकाच्या शैलीविषयी बोलेल. हिर्डोशी खोऱ्यातली म्हातारी तो पाहील तेव्हा ती शैलीविषयी बोलणार नाही. आपले जुने घर पाण्यात नेमके कुठे आहे, हे ती सांगू लागेल. चर्चा तिथून सुरू होईल आणि कदाचित पुनर्वसनाच्या कागदांपर्यंत जाईल. मला वकील म्हणून त्या चर्चेत रस आहे.

सेनेगल या आफ्रिकी देशाचे सेम्बेन उस्मान हे आपल्या अण्णाभाऊंच्या जातकुळीचे लेखक. फ्रान्समध्ये मार्सेच्या गोदीत हमाली केली, कामगार संघटनेत वाढले, कादंबऱ्या लिहिल्या. मग ध्यानात आले, की ज्यांच्यासाठी लिहितो त्यांना वाचता येत नाही. तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकले. सिनेमा ही त्यांच्या दृष्टीने लोकांची रात्रशाळा होती. १९६८ साली त्यांनी ‘मांडाबी’ म्हणजे ‘मनिऑर्डर’ हा चित्रपट केला आणि तो राज्यकर्त्यांच्या फ्रेंच भाषेऐवजी लोकांच्या वोलोफ भाषेत बोलवला. कथा किती साधी! पॅरिसला मजुरी करणारा पुतण्या काकाला मनिऑर्डर पाठवतो. पोस्टातला कारकून ओळखपत्र मागतो. ओळखपत्रासाठी जन्माचा दाखला पाहिजे. दाखल्यासाठी जन्मतारीख पाहिजे. ती कोणाला माहीत? फोटो काढायला जातो, तिथे फसतो. इकडे पैसे आले म्हणून उधारी मागणारे दारात. शेवटी शिकलेला नातेवाईकच पैसे गिळून टाकतो आणि चोरीला गेले म्हणून सांगतो.

वाचकहो, हे डकार शहरात घडते की भोरच्या तहसील कचेरीत? जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला की कातकरी बापाचा चेहरा जसा होतो, तसाच चेहरा त्या पडद्यावर आहे. ज्याच्या बापजाद्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याकडेच शाळेचा दाखला मागायचा! आम्ही वकील हे रोज पाहतो आणि अर्ज लिहून देतो. पण आपल्यासारखाच माणूस सातासमुद्रापार याच रांगेत उभा आहे, हे त्या बापाला दिसले तर दोष आपल्या नशिबाचा नाही, व्यवस्थेचा आहे, एवढे तरी त्याला उमगेल. बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या निग्रोंच्या प्रश्नाकडे ज्या दृष्टीने पाहिले, तीच ही दृष्टी. आपले दुःख जगाच्या दुःखाशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचे मूळ सापडत नाही.

लहान मुलांसाठी इराणच्या माजिद मजिदी यांचा १९९७ सालचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ आहे. बहिणीचे बूट भावाकडून हरवतात आणि एकच जोड दोघांनी पाळीपाळीने घालून शाळेत जायचे असते. शर्यतीत तिसऱ्या नंबरला बूट बक्षीस असतात, म्हणून भाऊ तिसरा येण्यासाठी पळतो आणि चुकून पहिला येतो! वाडीवरून चालत शाळेला येणाऱ्या मुलांना हा चित्रपट कोणी समजावून सांगायला नको. चॅप्लिनचा १९३६ चा ‘मॉडर्न टाइम्स’ तर जवळजवळ मूकच आहे. यंत्राच्या पट्ट्यावर नट आवळता आवळता वेडा झालेला कामगार पाहून शिरवळला कंत्राटावर जाणारी पोरे आधी हसतील आणि मग गप्प होतील.

पण परदेशी सिनेमा दाखवताना एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. जगाचे दुःख पाहून हळहळणे सोपे असते. इटलीची गरिबी, आफ्रिकेचा वर्णद्वेष, इराणची सक्ती यांवर तावातावाने बोलणारा प्रेक्षक जातीचा विषय निघाला की घड्याळ पाहू लागतो. म्हणून आपल्या हंगामात जगाच्या सिनेमाशेजारी आपला सिनेमा ठेवलाच पाहिजे, आणि तोही डोळसपणे. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ केला. ओम पुरींचा दुखी चांभार ब्राह्मणाच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता मरतो. चित्रपट थोर आहे, मनाला घरे पाडतो. पण दुखी शेवटपर्यंत मान वर करत नाही. त्यानंतर तीन दशकांनी, २०१३ साली, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. सारे गाव डुकराच्या मागे धावणाऱ्या कुटुंबाला हसते. शाळेच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या, फुल्यांच्या चित्रांसमोरून ते मेलेले डुक्कर वाहून नेले जाते आणि अखेरीस जब्या दगड भिरकावतो, तो थेट पाहणाऱ्याच्या तोंडावर. दुखी ते जब्या हा प्रवास कसा झाला? कॅमेरा कोणाच्या हातात होता, याने काय फरक पडला? ‘सद्गती’ आणि ‘फँड्री’ पाठोपाठ दाखवून हा एकच प्रश्न विचारावा. दोन तास चर्चा चालेल.

कॅमेऱ्यासमोर कोण उभे राहू शकते, याचाही इतिहास आपल्याला माहीत असावा. १९२८ च्या सुमारास त्रावणकोरात तयार झालेल्या ‘विगतकुमारन’ या पहिल्या मल्याळम चित्रपटाची नायिका पी. के. रोझी ही दलित मुलगी होती. तिने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून सवर्ण प्रेक्षक खवळले, पडद्यावर दगड पडले आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. आज तिच्याच नावाने पा. रंजित यांचे ‘नीलम’ हे सांस्कृतिक केंद्र चेन्नईत एप्रिल महिन्यात चित्रपट महोत्सव भरवते. २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये दलित चित्रपट आणि सांस्कृतिक महोत्सव झाला, तोही ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले तिथे. मंजुळे आणि रंजित दोघेही तिथे होते. न्यूयॉर्कला जे झाले, चेन्नईला जे होते, ते भोर तालुक्यात का होऊ नये?

आपल्याकडे याची सुरुवात झालेली नाही असे नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. लोकशाहीर विलास घोगरे यांनी त्या दुःखात जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी त्यानंतर चौदा वर्षे चित्रण करून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा केला आणि तो वस्त्यावस्त्यांतून दाखवला. तीन तासांहून मोठा माहितीपट लोक उघड्यावर बसून पाहात होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ सालच्या ‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली कोरोनाने ते गेले. त्या चित्रपटात न्यायालय जसे आहे तसे दिसते. टाळ्या मिळवणारी भाषणे नाहीत, तारखा आहेत. कोर्टाची पायरी चढावी लागणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तो पाहावा असे मी म्हणेन.

आता कायद्याचे बोलू, कारण उत्साहाच्या भरात कार्यकर्ता अडकू नये. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. चोरट्या प्रती दाखवण्याविरुद्धचा कायदा २०२३ च्या दुरुस्तीने अधिक कडक झाला आहे, तेव्हा कुठून तरी उतरवून घेतलेली प्रत लावण्याच्या भानगडीत पडू नये. पण वाटा आहेत. कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. ‘बायसिकल थीव्हज’ १९४८ चा, म्हणजे भारतात त्याची मुदत २००८ अखेर संपली. ‘मॉडर्न टाइम्स’ची तर त्याच्याही आधी. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे. शाळेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसे एवढ्यांनाच दाखवले, तर तो हक्कभंग ठरत नाही. बाकी चित्रपटांसाठी हक्कदाराला पत्र लिहून रीतसर परवानगी मागावी. चळवळीतले दिग्दर्शक असतील तर ते सहसा नाही म्हणणार नाहीत. सात माणसे जमली की १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते, सोबत धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते आणि पुढे फिल्म सोसायट्यांच्या महासंघाचे सदस्यत्व मागता येते. दरवेळी पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

आणखी एक नाजूक मुद्दा. आपल्याविरुद्ध सिनेमा आला तर काय करायचे? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात एस. रंगराजन यांचा खटला झाला. ‘ओरे ओरु ग्रामत्तिले’ हा तमिळ चित्रपट जातीवर आधारित आरक्षणावर टीका करणारा होता. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बहाल केले आणि निदर्शनांच्या, हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा हक्क गुंडाळता येत नाही, असे तत्त्व घालून दिले. २०११ साली ‘आरक्षण’ चित्रपटावरची उत्तर प्रदेशची बंदीही न्यायालयाने उठवली. आपल्यातल्या अनेकांना हे निकाल आवडले नाहीत. पण विचार करा, उद्या ‘फँड्री’ किंवा ‘जय भीम कॉम्रेड’ गावात लावताना कोणी दांडगाईने बंद पाडायला आला, तर आपण कोर्टात कोणता निकाल हातात घेऊन उभे राहणार? हाच. जो सिनेमा आपल्याला झोडपतो त्याचेही रक्षण करणारा कायदाच उद्या आपल्या सिनेमाचे रक्षण करतो. आपल्या सोसायटीने असा विरोधी चित्रपटही एकदा लावावा आणि मग पोरांना उभे करून त्यातला एकेक मुद्दा खोडून काढायला सांगावा. बंदीपेक्षा हे उत्तर अधिक टिकते. उलटतपासणी कोर्टातच करायची असते असे थोडेच आहे?

पैशाचे काय? इथे आपण आपल्याकडेच बोट दाखवले पाहिजे. जयंतीच्या एका रात्री डीजेवर जो खर्च होतो, तेवढ्यात कितीतरी गावांत प्रोजेक्टर, पडदा आणि बरा स्पीकर येईल, आणि तो एका रात्रीत संपणार नाही. समाजमंदिरे कित्येक ठिकाणी १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडले तर कुलुपात असतात. ते कुलूप महिन्यातून एकदा तरी निघावे.

म्हणून एक ठोस योजना मांडतो. पावसाळ्यात खोऱ्यात कोणाला सवड नसते. भात झोडपून घरात आले की मार्गशीर्षापासून सुरुवात करावी. मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र आणि वैशाख, या सहा पौर्णिमांना सहा चित्रपट. पौर्णिमेला वस्ती तशीही एकत्र येते आणि वाड्यांवरच्या माणसांना चांदण्यात घरी परतता येते. पहिल्या पौर्णिमेला चॅप्लिन, म्हणजे भाषेची अडचणच नाही. मग ‘बायसिकल थीव्हज’, ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, ‘मांडाबी’, ‘स्टिल लाइफ’ आणि वैशाखात, मुंबईकर गावी आलेले असताना, ‘फँड्री’. खालच्या इंग्रजी अक्षरांचा प्रश्न हेग्गोडूप्रमाणे सोडवावा. गावातली कॉलेजात जाणारी दोन मुले-मुली आधी चित्रपट पाहून मराठीत संवाद लिहून काढतील आणि पडद्याशेजारी उभे राहून बोलतील. जुन्या मूकपटांना असे कथन करणारे असतच. या निमित्ताने त्या पोरांचे इंग्रजीही सुधारेल आणि वक्तृत्वही.

तीन नियम मात्र पाळावेत. पहिला, पुढच्या रांगा बायकांच्या आणि मुलांच्या. दुसरा, चर्चेत पहिले बोलणे पाहुण्याचे किंवा पुढाऱ्याचे नाही. सर्वांत कमी शिकलेल्या माणसाने आधी बोलावे. तिसरा, दार सर्वांना उघडे. मराठा वस्तीतला पोरगा, धनगर, कातकरी, ज्याला यायचे त्याने यावे आणि एकाच सतरंजीवर बसावे. अंधारात दोन तास शेजारी बसून एकाच माणसासाठी डोळे ओले झाले, की उजेडात एकमेकांकडे पाहण्याची नजर थोडी तरी बदलते. एवढ्याने जातिअंत होणार नाही, हे आम्हांला कळते. पण पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, जत्रेचा मान वेगळा असलेल्या गावात निदान एक जागा तरी एकत्र बसण्याची होईल.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संस्थांनाही एक विनंती आहे. हेग्गोडूला तुम्ही गेलात, तसे हिर्डोशीलाही या. संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले असले, तरी त्यातला ठेवा जनतेच्याच पैशाने जमलेला आहे आणि जनता फक्त शहरात राहात नाही. पण त्यांची वाट पाहात बसण्याचे कारण नाही. भोर आणि वेल्ह्यातल्या आपल्या शिक्षकांनी, वकिलांनी, विद्यार्थ्यांनी आणि महिला मंडळांनी येत्या पावसाळ्यातच बैठक घ्यावी, सात नावे ठरवावीत, वर्गणीची वही उघडावी. समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी शोधावे. पडदा नसला तर पांढरे धोतर चालेल.

जयभीम!